‘इन्क्रीज’चं मूळ शोधताना

लॅटिनमध्ये ‘क्रेस्केरे’ म्हणजे वाढणं. त्याला ‘इन’ हा उपसर्ग लागून ‘इन्क्रेस्केरे’ झालं आणि ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत ‘इन्क्रीज’ होऊन आलं. ‘डिक्रीज’ त्याच घरातलं, फक्त उपसर्ग ‘डे’.

पण एवढं पाठ करून थांबू नका. क्रियापदाची भूतकाळी कृदन्तं, म्हणजे ‘झालेलं’, ‘केलेलं’ यांसारखी रूपं, बघायची सवय लावा, कारण इंग्रजीने बरेचदा तीच उचलली आहेत. ‘कॉन्क्रेस्केरे’ म्हणजे एकत्र वाढत घट्ट होणं. त्याचं कृदन्त ‘कॉन्क्रेटुस’, म्हणजेच आपलं काँक्रीट! ‘रिक्रूट’ आणि ‘क्रू’ हेही फ्रेंचमार्गे इथलेच. ‘क्रू’चा जुना अर्थ सैन्यात घातलेली भर असा होता.

नवशिक्या हमखास फसतो तो दिसण्यातल्या साम्याला. ‘सीक्रेट’मध्येही ‘क्रेट’ आहे, पण तो ‘केर्नेरे’ म्हणजे वेगळं काढणं, निवडणं या धातूचा. ‘क्रेस्ट’ तर तुऱ्याच्या ‘क्रिस्टा’वरून आलाय, वाढीशी त्याचा संबंध नाही. म्हणून कोशातल्या नोंदीत व्युत्पत्तीची ओळ लॅटिन क्रियापदापर्यंत वाचा, मगच शब्द ‘क्रेस्केरे’च्या यादीत घाला.

अर्थही तपासा. ‘क्रेसेंट’ मुळात वाढती चंद्रकोर. आकाराचा अर्थ नंतर चिकटला. ‘क्रेशेंडो’ इटालियनमधून आला. संगीतात तो आवाज हळूहळू चढत जाण्याला म्हणतात, कळसाला नव्हे. इंग्रजी वर्तमानपत्रं मात्र बिनधास्त ‘क्रेशेंडोला पोहोचला’ असं लिहितात, आणि आता कोशांनीही ते मान्य केलंय.