गोव्याशी नातं असलेलं, प्रवास आणि जुन्या माणसाचं आयुष्य दोन्ही सांगणारं मराठी पुस्तक कुठलं वाचावं?

पाली आणि बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचं ‘निवेदन’ हे आत्मकथन आधी वाचा. कोसंबी गोव्यातल्या सांखवाळचे, जन्म 1876 चा. शाळा फारशी नाही, घरची माडांची बागायत सांभाळायची, आणि एका मासिकातला बुद्धचरित्रावरचा लेख वाचून मनाने असं घेतलं की बायको-मुलगी मागे ठेवून पुण्याला, मग काशीला, पुढे नेपाळ, सिंहल (श्रीलंका) आणि ब्रह्मदेश. पैसा नसताना. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकणं, कोलंबोत पाली ही बौद्ध ग्रंथांची भाषा शिकणं, भिक्षू म्हणून राहणं, हे सगळं ते इतक्या साध्या भाषेत सांगतात की कुठेच मोठेपणाचा वास येत नाही. घर सोडल्याचं दुःखही लपवत नाहीत. मला ते पुस्तकातलं सगळ्यात खरं वाटतं. मी ते दोनदा वाचलंय, त्यावरूनच सांगतोय.

मात्र रानावनाची वर्णनं हवी असतील तर इथे ती कमी सापडतील. कोसंबींचा शोध विद्येचा होता. जंगलासाठी मारुती चितमपल्ली घ्या. वनखात्यात नोकरी केलेला माणूस, त्यामुळे पक्षी आणि झाडं नावानिशी भेटतात, पण ते रान मुख्यतः विदर्भाचं, आपल्या सह्याद्रीचं कमी.

‘निवेदन’ दुकानात मिळालं नाही तर पणजीत पाट्टोला कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात विचारून बघा.