तोंड उघडून श्वास घेणारा साप : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार, माझ्याकडे बॉल पायथन मादी आहे. आठवडाभर ती डोकं वर धरून बसतेय, मधेच तोंड थोडं उघडते आणि श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. आज नाकाशी बुडबुडा पण दिसला. मित्र म्हणतो कात टाकायच्या आधी असं होतं, थांब. घरात माणसांची अँटिबायोटिक गोळी आहे, ती अर्धी देऊ का?

उत्तर : गोळी अजिबात नको आणि थांबायचं पण नाहीये. मित्राचं थोडं बरोबर आहे, कात टाकायच्या सुमारास नाकपुडीत जुनी कातडी राहिली तर शिट्टी वाजते, पण ती कात निघाली की बंद होते आणि तेव्हा बुडबुडे येत नाहीत, तोंड उघडावं लागत नाही. तुम्ही सांगताय ते सगळं एकत्र दिसलं की श्वसनाचं इन्फेक्शन आहे असं धरूनच कामाला लागायचं.

एवढी घाई का करायची तर सापाला आपल्यासारखा छाती आणि पोटामधला पडदा नसतो, त्याला जोरात खोकून कफ बाहेर काढता येत नाही, जे साचलं ते आतच राहतं. डोकं वर धरून बसणं ही त्याची श्वास मोकळा करायची धडपड असते. शिवाय साप आजारपण लपवतो, जंगलात अशक्त दिसला की कोणीतरी उचलणार, त्यामुळे आपल्याला बाहेरून काही दिसायला लागतं तोवर आत बरेच दिवस गेलेले असतात.

व्हेटची म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत आजच्या आज टँकचं तापमान मोजा. काचेला चिकटवलेला काट्याचा मीटर नको, प्रोबवाला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि साप जिथे प्रत्यक्ष बसतो तिथे ठेवा. बॉल पायथनला गरम बाजूला ३१-३२ अंश सेल्सियस आणि थंड बाजूला २५-२६ लागतं, ह्युमिडिटी साधारण ५५ ते ७० टक्के. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये श्वासाची तक्रार असली की बहुतेक वेळा आकडा विचारल्यावर कळतं की रात्री टँक थंड पडतोय किंवा खालचं सबस्ट्रेट, म्हणजे टँकच्या तळाशी पसरलेला थर, कायम ओलं आहे. साप शरीराची उष्णता स्वतः तयार करत नाही, त्याची प्रतिकारशक्ती बाहेरच्या उबेवरच चालते, आणि थंड सापाच्या अंगात औषध पण नीट काम करत नाही. म्हणून ऊब आधी, पण फक्त ऊब देऊन भागेल असं मात्र समजू नका, बुडबुडे आले म्हणजे औषध लागणारच. हीट मॅट असेल तर थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर साप पोट भाजेपर्यंत त्यावर पडून राहतो, ते तर मला बघवत नाही.

व्हेट निवडताना सरपटणारे प्राणी तपासणाराच शोधा. तो तोंडातला किंवा श्वासनलिकेतला स्वॅब घेईल, कुठला जंतू आहे आणि कुठलं औषध त्यावर चालतं ते लॅबमधून कळतं, पायथन असेल तर निडोव्हायरसची (पायथनच्या श्वसनाला त्रास देणाऱ्या विषाणूची) टेस्ट करायला तुम्ही स्वतःहून सांगा. औषध बहुतेक वेळा इंजेक्शनने देतात, काही औषधं तर दर तिसऱ्या दिवशी एकदाच, आणि सुई शरीराच्या पुढच्या भागात देतात कारण मागच्या भागातलं रक्त आधी किडनीकडून जाऊ शकतं. डोस वजनावर ठरतो, म्हणून अर्ध्या गोळीचा हिशोब घरी लावता येत नाही. बरा वाटला तरी कोर्स मधे सोडू नका. नेताना कापडी पिशवीत घालून पिशवी बंद डब्यात ठेवा, डबा उबदार राहू दे, आणि त्याआधी खायला घालू नका. मान ताणून सतत तोंड उघडं ठेवत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जा.

प्रश्न : माझा बॉल पायथन नर दोन महिने जेवला नाहीये. बाकी एकदम ठीक आहे, फिरतो, जीभ काढतो. जबरदस्तीने भरवू का?

उत्तर : नको, भरवताना तोंडाला जखम होते आणि घाबरून तो आणखी खात नाही. बॉल पायथन मोठे झाले की कित्येकदा महिनोन् महिने उपाशी राहतात, विशेषतः नर, प्रजननाच्या हंगामात. तुम्ही एकच करा, दर आठवड्याला किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करून तारखेसकट लिहून ठेवा. वजन टिकून असेल तर धीर धरा, तापमान आणि लपायची जागा तपासा. १० टक्क्यांच्या आसपास उतरलं, पाठीचा कणा वर दिसायला लागला किंवा तोंडाच्या कडेला लाल ठिपके, घट्ट पिवळट पू दिसला तर व्हेट. तो पू सापांमध्ये पातळ होऊन वाहून जात नाही, घट्टच राहतो, काढावा लागतो. आणि हे सगळं मोठ्या बॉल पायथनबद्दल सांगतेय, लहान पिल्लू किंवा एरवी हावरट असलेला कॉर्न स्नेक अचानक खायचा थांबला तर इतकी वाट बघू नका.

प्रश्न : कॉर्न स्नेक दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून असतो, भांड्यात काळे ठिपके दिसतात. घाण आहे का?

उत्तर : पांढरा टिश्यू ओला करून सापाच्या अंगावरून हलकेच फिरवा. खसखशीएवढे काळे दाणे टिश्यूवर आले आणि हलले तर माइट्स आहेत. डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखालच्या खाचेत पण बघा, तिथे ते जास्त बसतात. साप पाण्यात जातो तो त्यांना बुडवायला. ते रक्त पितात, जास्त झाले तर साप अशक्त होतो, आणि एका सापाचा आजार दुसऱ्याकडे नेतात.

लोक सापाला धुतात आणि टँक तसाच ठेवतात, म्हणून ते परत येतात. अंडी सापावर नसतात, टँकच्या फटीत आणि लाकडात असतात. सगळं सबस्ट्रेट बांधून बाहेर टाका, लाकडी वस्तू काढा, टँक गरम पाण्याने घासा आणि काही आठवडे खाली नुसता साधा कागद घाला. औषध व्हेटने सांगितलेलंच, आणि एकदा देऊन भागत नाही कारण राहिलेल्या अंड्यांतून नवीन पिल्लं निघतात. झुरळं-मुंग्या मारायचा स्प्रे टँकमध्ये मारू नका, त्याने साप मरू शकतो. घरात दुसरे साप असतील तर याचं काम सगळ्यात शेवटी करा, मग हात धुवा, कपडे बदला. नवीन साप आणला की तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवायची सवय लावा, अगदी निरोगी दिसला तरी.

प्रश्न : कात निघाली पण एका डोळ्यावर राहिलीये. चिमट्याने काढू?

उत्तर : चिमटा लांब ठेवा. सापाला पापणी नसते, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर त्याचा वरचा थर निघतो. तो ओढताना खालचा खरा खवला निघाला तर डोळा जाऊ शकतो. ओलसर मॉस घातलेला झाकणाचा डबा भोक पाडून आत ठेवा, एक-दोन दिवस त्यात बसू दे, बहुतेक वेळा सुटतं. नाही सुटलं तर पुढच्या कातीपर्यंत थांबा किंवा व्हेटकडून काढून घ्या. शेपटीच्या टोकाला मात्र कातीचं कडं राहिलंय का ते आजच बघा, ते आवळून रक्तपुरवठा बंद होतो आणि टोक सडतं.

प्रश्न : माझ्या सापाने उंदीर गिळून तिसऱ्या दिवशी उलटी केली. भुकेला असेल म्हणून लगेच दुसरा दिला, तो पण बाहेर आला.

उत्तर : आता १० ते १४ दिवस काहीच देऊ नका, फक्त स्वच्छ पाणी. उलटीबरोबर पोटातले पाचक रस जातात आणि अन्ननलिका भाजल्यासारखी होते, तिला भरून यायला वेळ लागतो. मग आधीच्या निम्म्या आकाराचा उंदीर द्या आणि नंतर ४८ तास सापाला हात लावू नका. खाल्ल्यावर लगेच हाताळणं, थंड टँक आणि फार मोठा उंदीर ही नेहमीची कारणं. पण हे पाळूनही तिसऱ्यांदा झालं किंवा शरीराच्या मध्यावर कायमची सूज दिसली तर ताजी विष्ठा डबीत घेऊन व्हेटकडे जा आणि क्रिप्टोस्पोरिडियमची टेस्ट मागा. तो परजीवी साध्या ब्लीचने मरत नाही, त्यामुळे टेस्ट येईपर्यंत या टँकचं काही सामान दुसऱ्या सापाकडे नेऊ नका.

प्रश्न : आमचा बोआ डोकं मागे वळवून छताकडे बघत राहतो, उलटा केला तर सरळ होत नाही.

उत्तर : हे मेंदूपर्यंत काहीतरी पोचल्याचं लक्षण आहे. फार तापलेला टँक, विषारी स्प्रे किंवा डोक्याला मार यानेही होतं, म्हणून त्या गोष्टी आठवून व्हेटला सांगा. बोआ आणि पायथनमध्ये आयबीडी नावाचा आजार असतो, त्यामागे एरिनाव्हायरस असल्याचं २०१२ मध्ये समोर आलं, त्यावर उपचार नाही. रक्ताची टेस्ट होते, ती करा, आणि आजपासून त्याला बाकी सापांपासून पूर्ण वेगळा ठेवा. टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि तो खाऊ शकत नसेल, सरळ होता येत नसेल तर व्हेट त्याला शांतपणे झोपवायचं, म्हणजे वेदना न होता मरण द्यायचं, सुचवेल. ऐकायला खूप जड आहे, पण त्याचे हाल लांबवण्यापेक्षा ते ऐका.