६८ वर्षांच्या आईला घेऊन युरोपात रेल्वेने फिरणं जमेल का? तिचे गुडघे दुखतात. युरेल पास (युरोपातल्या अनेक देशांत चालणारा रेल्वेचा पास) घ्यावा की टूर कंपनीचं बसचं पॅकेज बरं?

जमेल. बसचं पॅकेज नको. माझ्या दादाचं मत याच्या नेमकं उलट होतं आणि त्यावरून आमचं अजून धड बोलणं नाही, तेव्हा उत्तर एकतर्फी वाटलं तर समजून घ्या.

मी स्टुटगार्टला राहते. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आई आली, तेव्हा ती ७१ची होती. दादा फोनवर म्हणाला, "टूरवाले हॉटेलच्या दारातून उचलतात, रात्री वरण-भात देतात. तू तिला जिने चढायला लावणार." लावले! पहिल्याच दिवशी एका जंक्शनवर गाडी बदलायला नऊ मिनिटं होती. आयत्या वेळी फलाट बदलला, त्यात लिफ्ट बंद. मी दोन्ही बॅगा घेऊन पुढे धावले. वळून बघते तर आई कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरतेय. मी ओरडले, "आई, उचल ना जरा पाय!" गाडी गेली. आई बाकावर टेकली, पिशवीतून दशमी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "पुढची नाही का?" होती, तासाभराने.

नऊ मिनिटांचं कनेक्शन मी घेतलं होतं, तिच्या गुडघ्यांनी नाही. पण आईने हा किस्सा हसत हसत दादाला सांगितला आणि त्याच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही स्वित्झर्लंडमधल्या कूरहून सेंट मॉरिट्झ आणि तिथून बेर्निना घाटाने इटलीतल्या तिरानोला गेलो. आई कर्जतची, तिचे वडील रेल्वेत. भोर घाटाचा ३७ला १ चढ (३७ फुटांमागे एक फूट) आणि कर्जतला मागून लागणारी बँकर इंजिनं तिला तोंडपाठ. गाडी चढायला लागली तशी ती खिडकीतून मान काढून मागचा डबा बघू लागली. "बँकर कुठे लावला?" म्हटलं, नाही लावत. इथला चढ १४ला १ आहे, मधे दातेरी रूळसुद्धा नाही. तिचा विश्वास बसेना. घाटमाथ्याच्या २,२५३ मीटरवरून तिरानोच्या ४२९ मीटरपर्यंत उतरताना, ब्रुझिओला गाडी पुलावर गोल फिरून स्वतःच्याच रुळांखालून जाते, तिथे तिने पदर तोंडाला लावला. "बाबांना दाखवायला हवं होतं गं." टूरच्या बसमधून हे दिसलं असतं का, दादा?

आम्ही साधी लोकल गाडी घेतली होती. बेर्निना एक्सप्रेस या पर्यटकांच्या गाडीचे रूळ तेच, पण तिच्या पॅनोरमा डब्यांच्या काचा उघडत नाहीत आणि आरक्षणाचे पैसे वेगळे. लोकलला आरक्षण लागत नाही.

पासचं म्हणाल तर ६० वर्षांवरील माणसाला युरेलमध्ये १० टक्के सवलत आहे. पण फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीला आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षण घ्यावंच लागतं. तीन-चारच प्रवास असतील तर आधी सुटी तिकिटं काढून बेरीज करा. आईला घेऊन रोज गाव बदलणार असाल तर पास वसूल होईल, पण रोज गाव बदलूच नका. एका ठिकाणी चार रात्री राहा, तिथून जा-ये करा. गाडी बदलायला अर्धा तास तरी ठेवा. माणशी एकच बॅग, आणि ती तुम्ही उचलायची.

युरोपियन युनियनमध्ये चढ-उतारासाठी रेल्वेची मदत फुकट मिळते, २४ तास आधी कळवायचं. मी कळवलं नव्हतं. आईला व्हीलचेअर म्हटलं की राग येतो. तरी तुम्ही कळवा, राग आला तर येऊ दे.

आणि हो, माझी आई रोज तीन किलोमीटर चालायची. तुमच्या आईला दोन जिनेसुद्धा जड जात असतील किंवा हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, तिथे हट्टाने नेऊ नका. आम्ही गेलो नाही. दादा म्हणतो, "मग स्वित्झर्लंडला जाऊन बघितलं काय?"

स्टेशनवरच्या संडासांना बहुतेक ठिकाणी पैसे पडतात, सुटी नाणी आईच्याच पर्समध्ये ठेवा.