पर्ल: दोन पॅटर्नमधला मजकूर काढताना पुढच्या फाईलीतल्या ओळी का येतात

पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत दोन खुणांमधल्या ओळी काढणारी तुमची स्क्रिप्ट एका फाईलवर बरोबर चालते आणि अख्खा फोल्डर दिला की भलत्याच ओळी येतात, हे तुमचं वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, माझे याच्यात चार दिवस गेलेत.

रेजेक्स, म्हणजे मजकूर शोधायचे पॅटर्न लिहिणं, तुम्हाला येतंच, ते सोडतो. दोन पॅटर्नच्या मध्ये लिहितो तो `..` हा स्विच आहे, सुरुवातीचा पॅटर्न दिसला की चालू, शेवटचा दिसला की बंद, पण फाईल संपली म्हणून तो बंद होत नाही! एका फाईलीत शेवटची खूण जुळली नाही की पुढची फाईल पहिल्या ओळीपासून आउटपुटमध्ये.

माझ्याकडे एका ऑफिसातून रोज हिशोबाच्या फाईली यायच्या. तिथे कोणीतरी त्यातल्या काही विंडोजवर उघडून सेव्ह केल्या, ओळीच्या टोकाला कॅरेज रिटर्न (विंडोज ओळ संपवताना घालतं ते न दिसणारं कॅरेक्टर) चिकटला आणि माझ्या शेवटच्या पॅटर्नच्या टोकाला `$`, म्हणजे 'ओळ इथेच संपते', होता, त्यामुळे पॅटर्न जुळेचना. तीन मेल केले, उत्तर एकच, 'आमच्याकडे फाईल नीट उघडते'. अहो उघडणारच, नोटपॅडमध्ये ते कॅरेक्टर दिसतच नाही! पण बघायची तयारीच नाही कुणाची. तोवर एका पार्टीच्या नोंदी दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये गेल्या होत्या, फोन करून माफी मी मागितली. अजून राग येतो.

माझ्या मते दोन गोष्टी कराच. `$` च्या आधी `\s*` टाका, म्हणजे टोकाला स्पेस किंवा कॅरेज रिटर्न असला तरी चालेल. आणि `..` च्या उजव्या बाजूला पॅटर्ननंतर `||` (किंवा) देऊन `eof` लिहा, ते फाईल संपली का ते बघतं, पण त्याच्यापुढे रिकामा कंस नको, कंस दिला की तो फक्त सगळ्यात शेवटच्या फाईलचा शेवट बघतो. तरी अर्धवट तुकडा छापला जाईलच, म्हणून मी ओळी आधी व्हेरिएबलमध्ये जमवतो, शेवटची खूण सापडली तरच छापतो, नाहीतर फाईलचं नाव एररमध्ये टाकतो.

कोणी `-0777` लावून अख्खी फाईल एकदम वाचायला सांगेल. चालतं, तेव्हा प्रत्येक फाईल वेगळी वाचली जाते, फक्त `.*?` (मधलं काहीही, पण कमीत कमी) मधलं प्रश्नचिन्ह विसरू नका, नाहीतर पहिल्या सुरुवातीपासून शेवटच्या शेवटापर्यंत सगळंच उचलेल. टिंबाने ओळ ओलांडायला पॅटर्नच्या शेवटी `/s` हा मॉडिफायरही लागतो. मोठ्या लॉगवर मी हे करत नाही, मेमरी खातं.

तुमच्याकडे हेच कारण असेल असं छातीठोक नाही सांगत. जिथून गडबड सुरू होते त्याच्या आधीच्या फाईलीत शेवटची खूण असलेली ओळ `cat -A` या कमांडने बघा, टोकाला `^M` (कॅरेज रिटर्नची खूण) दिसतोय का ते इथे टाका.