गाडीवाल्याला विचारा : डिकी नसलेली स्टँडर्ड अन् तापणारी हेरल्ड

प्रश्न : भाऊ नमस्कार. आमच्या महालातल्या वाड्यात आजोबांची 1955 ची स्टँडर्ड एट उभी आहे, कागदपत्रं पण आहेत. गंमत अशी की तिला मागून डिकीचं झाकणच नाही. मामा म्हणतात एखाद्या ॲक्सिडेंटनंतर वेल्डिंग मारून बंद केलं असेल. ओळखीचा डेंटर म्हणतो पत्रा कापून झाकण बसवून देतो. देऊ का त्याच्याकडे? आणि घरात सगळे तिला इंग्लंडची म्हणतात पण पाटीवर मद्रास लिहिलंय, हे काय प्रकरण आहे? (एक वाचक, महाल)

उत्तर : आधी त्या डेंटरला थांबवा बाप्पा! कोणी वेल्डिंग वगैरे मारलेलं नाही, ही गाडी कारखान्यातूनच अशी आली. मागच्या सीटची पाठ पुढे पाडायची अन् आतूनच सामान मागे ढकलायचं, एवढीच तिची डिकी.

कारण एकच, पैसे वाचवणं. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची स्टँडर्ड मोटर कंपनी महायुद्धानंतर व्हॅनगार्ड नावाच्या मोठ्या गाडीवर सगळा भर देऊन बसली होती, अन् तिकडे लहान गाडीचं गिऱ्हाईक मॉरिस मायनर अन् ऑस्टिन ए-30 घेऊन जात होते. मग 1953 मध्ये त्यांनी एट काढली, चार दरवाजे, 803 सीसी, 26 हॉर्सपॉवर, किंमत करासकट 481 पौंड, चार दरवाजांत तिथली सगळ्यात स्वस्त. त्या किमतीत बसवायला जे जे काढता येईल ते काढलं, डिकीचं झाकण गेलं, चाकावरच्या टोप्या गेल्या, काचा वरखाली करायचं हँडल गेलं, काच नुसती सरकवायची.

आता माझं मत विचाराल तर हा जरा अतिरेकच होता. माणूस पोराबाळांसाठी गाडी घेतो, बायकोसमोर शोरूममध्ये उभा राहतो आणि मागून डिकी उघडत नाही म्हटल्यावर काय बोलणार? लोकांनी तोंड वाकडं केलंच, मग 1954 पासून काढलेलं सगळं हळूहळू परत यायला लागलं, आधी फिरवायच्या काचा आल्या, 948 सीसीची स्टँडर्ड टेन आली, अन् बाहेरून उघडणारी डिकी यायला 1957 उजाडलं. म्हणजे तुमची गाडी त्याच्या आधीची, हिशोब बरोबर जुळतो.

पण इंजिनात मात्र त्यांनी कंजुषी केली नाही, हे मान्य करावं लागेल. 1955 ची आरएसी रॅली ही इंग्लंडची मोठी शर्यत स्टँडर्ड टेनने जिंकली, आणि तेच छोटं इंजिन वाढत वाढत 1493 सीसीपर्यंत गेलं, ट्रायम्फ स्पिटफायर ह्या त्यांच्याच घरातल्या स्पोर्ट्स गाडीत 1980 पर्यंत चाललं.

मद्रासचं म्हणाल तर तिथे स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी 1948 मध्ये निघाली. नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारने पन्नाशीच्या दशकात नकार दिला, फोर्ड अन् जनरल मोटर्स निघून गेले, राहिले मुख्य तीन, कलकत्त्याचे हिंदुस्तान, मुंबईचे प्रीमियर आणि मद्रासचे स्टँडर्ड. म्हणजे गाडी मूळ इंग्लंडची, बनवली मद्रासला, घरचे पण खरे अन् पाटी पण खरी.

झाकण न कापायचं अजून एक कारण, 2021 च्या केंद्राच्या नियमानुसार 50 वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात पाहिजे, बॉडीत मोठा फेरबदल चालत नाही. फी 20 हजार, नोंदणी 10 वर्षांची. रोज ऑफिसला नेता येणार नाही, पण प्रदर्शनाला किंवा रॅलीला चालेल.

प्रश्न : माझ्याकडे चार दरवाजांची स्टँडर्ड हेरल्ड आहे. इंग्लंडमधला भाचा म्हणतो हेरल्डला दोनच दरवाजे असतात, ही डुप्लिकेट आहे! दुसरं म्हणजे मे महिन्यात वर्धा रोडच्या सिग्नलला बंद पडते अन् अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, काऊन? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : भाच्याला म्हणा, तुझी माहिती तिकडची आहे. हेरल्ड ही एट-टेनच्या जागी आलेली गाडी, 1959 ची, डिझाईन इटलीच्या मिकेलॉटीचं. स्टँडर्डसाठी बॉडी बनवणारी फिशर अँड लुडलो कंपनी प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने 1953 मध्ये विकत घेतली, मग बॉडी आणायची कुठून? म्हणून वेगळी चासी (खालचा सांगाडा) अन् त्यावर तुकड्यातुकड्यांची बॉडी बोल्टने आवळायची असं केलं. आपल्याकडे ती 1961 पासून मद्रासला बनली, अन् फॅमिलीवाल्यांसाठी चार दरवाजांची इथेच काढली, तिकडे तशी निघालीच नाही. पुढे 1972 ला तिचीच गॅझेल झाली. गॅझेलला मागे साधा सरळ ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) दिला ते बरंच केलं, कारण हेरल्डचं मागचं चाक जोरात वळताना खालून आत दुमडतं, तेव्हा वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडू नका.

बंद पडायचं कारण बहुतेक पेट्रोलची वाफ. तुमचा पंप इंजिनलाच चिकटलेला आहे, 45 डिग्रीत सिग्नलला उभं राहिलं की पाइपातलं पेट्रोल उकळून वाफ होतं आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. गार झालं की गाडी सुरू. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे, बॉनेट उघडून तेच करा, तात्पुरतं जमतं. कायमचं करायचं तर पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या पाइपापासून लांब घ्या, त्यावर उष्णता अडवणारी नळी चढवा, अन् रेडिएटर आतून साफ करून घ्या. तेवढं करून पण गाडी बंद पडत असेल तर कॉइल (स्पार्कला करंट देणारी) तपासा, ती गरम झाल्यावर दगा देते अन् लक्षण अगदी असंच दिसतं.