एकाच गाडीला दोन कुलपं

प्रश्न: मी छोट्या टेम्पोचा मालक आणि चालकही आहे. टाइल्स, सॅनिटरीचा माल पोचवतो. बाजाररस्त्यावर महापालिकेने पट्टे मारून एक जागा राखली आहे. पाटीवर ‘मालवाहू वाहनांसाठी, फक्त माल चढ-उतार, दुपारी २ ते ५’ असं लिहिलंय. पहिल्या खेपेला तिथे कोणाची तरी कार उभी होती, म्हणून मी तिच्या बाजूला टेम्पो लावून वीस मिनिटांत माल उतरवला. ५०० रुपयांचं ई-चलन आलं, ते भरलं. महिन्याभराने पट्ट्यांच्या आत, वेळेत उभा होतो. मी आणि हेल्पर तिसऱ्या मजल्यावर बॉक्स चढवत होतो. खाली आलो तर चाकाला जॅमर आणि १,५०० रुपयांचं चलन. जॅमर काढला, चलन अजून भरलेलं नाही. पुढच्या आठवड्यात तिथल्या दुकानदाराने पट्ट्यांवर कुंड्या मांडून ठेवल्या होत्या. मी त्या सरकवून गाडी लावली, तर त्याने पुढच्या चाकाला साखळी घालून कुलूप लावलं आणि ‘जागा आमची आहे, ३०० रुपये द्या’ म्हणाला. तासाभराने पैसे दिले तेव्हा सोडलं. ही जागा नक्की कोणाची? आणि १,५०० भरू का?

उत्तर: भाऊ, आधी घाईने एक सांगते. ते १,५०० आज भरू नका. ई-चलन भरणं म्हणजे गुन्हा मान्य करून तडजोड शुल्क देणं. एकदा भरलंत की ‘माझी चूक नव्हती’ हे सांगायला फारशी जागा उरत नाही.

आता जागेबद्दल. ती दुकानदाराची नाही, तशी तुमचीही नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहनं कुठे आणि किती वेळ उभी करायची हे राज्य शासन किंवा शासनाने अधिकार दिलेली यंत्रणा ठरवते, तेही स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. कलम ११६ नुसार पाट्या लागतात आणि कलम ११९ नुसार त्या पाळणं प्रत्येक चालकावर बंधनकारक आहे. या सगळ्या व्यवस्थेत ‘ज्याचं दुकान त्याची समोरची जागा’ असं कुठेही येत नाही. रस्त्याला लागून मिळकत असली तर रस्त्यावर ये-जा करण्याचा हक्क मिळतो, तो रस्ता अडवून ठेवण्याचा हक्क मिळत नाही. पण टेम्पोवाले बांधवही इथे चुकतात. मालवाहू गाडी आहे म्हणून ही जागा आपली, असं धरून जेवायच्या सुट्टीत रिकामा टेम्पो तिथे सावलीला लावतात. पट्टे गाडीसाठी मारलेले नाहीत, कामासाठी मारलेत. माल चढत-उतरत असेल तोवरच तुम्हाला तिथे संरक्षण आहे.

हा विचार आपल्या राज्यात आजचा नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १०२ वाचा. रस्त्यात अडथळा करू नये असं ते सांगतं, पण माल भरायच्या किंवा उतरवायच्या वाहनाबाबत त्याचा रोख असा आहे की त्या कामाला लागेल त्याहून जास्त वेळ वाहन उभं ठेवू नये. किती मिनिटं, ते कायद्याने मोजून दिलेलं नाही. चार खोकी उतरवायला पाच मिनिटं लागतील, टाइल्सचे साठ बॉक्स तिसऱ्या मजल्यावर न्यायला पाऊण तास लागेल, आणि दोन्ही ‘लागेल तेवढा वेळ’च. वाद होतो तो हमालांची वाट बघण्यावरून. हमाल यायचेत म्हणून गाडी चाळीस मिनिटं नुसती उभी, फाळका बंद, ताडपत्री बांधलेली, तर ते उतरवणं नव्हे, ते पार्किंगच. माझ्या मते इथे पोलीस बरोबर असतात. हमाल आल्याचा फोन आल्यावरच गाडी पट्ट्यात घ्या.

पहिल्या चलनाबद्दल सांत्वनापुरतंही वेगळं काही सांगता येत नाही. राखीव जागेत कार होती हा तिच्या चालकाचा दोष. पण त्यामुळे तिच्या बाजूला दुसरी रांग लावायची मुभा तुम्हाला मिळत नाही. दुसऱ्याला अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा स्थितीत वाहन उभं ठेवू नये, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सांगतं, आणि उभ्या वाहनाच्या बगलेला वाहन लावणं त्यात सरळ बसतं. भरलंत ते बरोबर केलंत. पण त्याचा परिणाम लक्षात घ्या. कलम १७७ मध्ये पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्याला १,५०० पर्यंत दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीने हे आकडे वाढले. दुसरं चलन तिप्पट आलं ते म्हणून. पुन्हा असं झालं तर कारचा नंबर आणि पाटी एकाच फोटोत घ्या, वाहतूक शाखेला कळवा आणि गाडी पुढे घ्या. खेप वाया जाते, डिझेल जळतं, दुकानदार फोनवर ओरडतो, हे मला माहीत आहे. तरीही तेच करावं लागेल.

त्या कारवाल्याशी हुज्जत घालण्याआधी एक गोष्ट ऐका. कायद्यातली ‘मालवाहू वाहन’ ही व्याख्या, कलम २(१४), वाटते त्यापेक्षा रुंद आहे. फक्त मालासाठी बांधलेली वाहनं तर त्यात येतातच, पण तशी बांधलेली नसलेली गाडीसुद्धा माल वाहण्यासाठी वापरली जात असेल तेव्हा त्यात मोडते. डिकी उघडून कोणी वॉशिंग मशीन भरत असेल तर तुमच्या पाटीखाली त्यालाही काही बोलता येईल. कार बंद करून माणूस खरेदीला गेला असेल तर मात्र नाही.

आता दुसरं चलन. इथे तुमची बाजू मला मजबूत दिसते. जॅमर किंवा टोइंगचा अधिकार कलम १२७ मधून येतो. वाहन दहा तास किंवा त्याहून जास्त बेवारस सोडलेलं असलं, किंवा जिथे पार्किंगला कायद्याने मनाई आहे तिथे उभं असलं, तर हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी ते उचलायला किंवा जखडायला परवानगी देऊ शकतो. वाहतुकीला धोका किंवा अडथळा होत असेल तर लगेच हलवण्याचीही तरतूद आहे. तुमची गाडी दहा तास उभी नव्हती, मनाई असलेल्या जागी नव्हती, आणि पट्ट्यांच्या आत होती म्हणजे वाट अडत नव्हती. पोलिसांकडून एकच मुद्दा येईल: गाडीत कोणी नव्हतं, म्हणून ती ‘पार्क’ केलेली होती. याला उत्तर असं की चालकाने सीटवर बसून राहावं अशी सक्ती कायद्यात नाही. कलम १२६ म्हणतं की सीटवर परवानाधारक माणूस असावा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असावा, म्हणजे गाडी आपोआप हलणार नाही. तुम्ही ब्रेक लावला होता आणि माल वर नेत होता, म्हणजे कामच चालू होतं.

हे सिद्ध कशाने होईल? तुम्ही चलनाच्या फोटोची प्रत सोबत पाठवलीत, ती मी मोठी करून पाहिली. वेळ २:३४. जॅमर दाखवायला फोटो मागच्या चाकाकडून घेतलाय, म्हणून गाडीची मागची बाजूही त्यात आली आहे. फाळका खाली पडलेला, साखळी लोंबतेय, आत भिंतीला लागून बॉक्सची एक थप्पी आणि तिच्यापुढे रिकामी फळी, जिथून थोडे बॉक्स उचलले गेलेत. त्यांच्याच फोटोत तुमचा पुरावा आहे. त्याला डिलिव्हरी चलन, म्हणजे माल पोचवल्याची पावती, जोडा. त्यावर माल घेणाऱ्याची सही आणि हाताने लिहिलेली २:५० ही वेळ आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. ही वेळ लिहून घ्यायची सवय तुम्हाला कोणी लावली माहीत नाही, पण ती कधीही सोडू नका.

आधी महाट्रॅफिक ॲपवर किंवा ई-चलनाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि तीच लेखी वाहतूक शाखेत देऊन पोच घ्या. मजकूर मोठा नको. असं लिहा: ‘वाहन राखीव जागेत, पाटीवरील वेळेत उभे होते. चलनातील छायाचित्रात फाळका उघडा असून माल उतरवण्याचे काम सुरू असल्याचे दिसते. सोबत २:५० वाजताची पोच असलेले डिलिव्हरी चलन जोडले आहे. चलन रद्द करावे. या वेळेचे चौकातील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे.’ शेवटचं वाक्य गाळू नका, कारण कॅमेऱ्यातलं चित्रण कायमचं साठवून ठेवत नाहीत. चलन रद्द झालं नाही तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाऊ द्या. तिथे गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांवर असते. मधल्या काळात लोकअदालतीची नोटीस येईल. लोकअदालत वाईट नाही, पण तिथे तडजोड होते, निर्दोष ठरवलं जात नाही. पहिल्या चलनासारखा मामला असता तर मी तुम्हाला आनंदाने तिथे पाठवलं असतं. या चलनासाठी पाठवणार नाही.

सोबत माहिती अधिकाराचा एक अर्ज करा, दहा रुपयांचं शुल्क लावून, वाहतूक शाखा आणि महापालिका दोघांकडे. त्या जागेचा मूळ आदेश किंवा अधिसूचना आणि त्यातल्या वेळांची प्रत मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. रंगवलेली पाटी आणि कागदावरचा आदेश जुळतात की नाही हे सुनावणीआधी कळलेलं बरं. पाटी जुनी राहिली आणि वेळ बदलली, असंही घडतं.

आता कुंड्या आणि साखळी. यातल्या माणसाचा मला खरंच राग आला. सार्वजनिक रस्त्यावर वस्तू मांडून ठेवायला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३० ने मनाई आहे आणि कलम २३१ नुसार आयुक्त त्या विनानोटीस हटवू शकतात. मुंबईसाठी वेगळा, १८८८ चा कायदा आहे, पण तरतूद त्याच धाटणीची आहे. लक्षात घ्या, हटवण्याचा अधिकार महापालिकेचा आहे. तुम्ही कुंड्या सरकवल्यात यात गुन्हा नाही, पण एखादी फुटली असती तर दुकानदार आज तक्रारदार असता आणि तुम्ही उत्तरं देत बसला असता. पुढे फोटो काढा, अतिक्रमण विभागाला पाठवा, हात लावू नका.

साखळीचं प्रकरण वेगळं आहे. पोलिसाने लावलेला जॅमर चुकीचा असला तरी त्यामागे कायद्याने दिलेला अधिकार असतो. त्या दुकानदाराकडे कसलाच अधिकार नव्हता. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ मध्ये माणसाला जायच्या दिशेने जाण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे, शिक्षा एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बचावात तो म्हणेल, माणूस मोकळा होता, मी फक्त गाडी अडवली. म्हणून मी तेवढ्यावर थांबणार नाही. त्याने कुलूप काढायचे पैसे मागितले आणि घेतले, यावर भर द्या. नुकसानीची भीती घालून पैसे काढून घेणं कलम ३०८ च्या खंडणीपर्यंत जाऊ शकतं, आणि तिची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. हे मोठं शस्त्र आहे, पहिल्या दिवशी उपसू नका. पोलीस ठाण्यात घडलं ते क्रमाने लिहून द्या, कलमं त्यांना लावू द्या. तुम्ही ३०० रुपये फोनवरून भरलेत आणि पावतीत त्याच्या दुकानाचं नाव आहे. रोख दिले असते तर आज ‘मी मागितलेच नाहीत’ एवढं म्हणून तो मोकळा झाला असता.

त्या तासात तुम्ही ११२ ला फोन केला नाहीत, याची चुटपुट तुमच्या पत्रात दिसते. धंदा त्याच गल्लीत, रोजचे चेहरे, म्हणून गप्प बसलात, हे मी समजू शकते. तक्रार आजही देता येते. ती देताना एक वाक्य नक्की घाला: मला पैशांपेक्षा ही जागा पट्ट्यांप्रमाणे मोकळी राहायला हवी आहे. त्या रस्त्यावर माल आणणारे तुम्ही एकटे नाही. आणखी चार टेम्पोवाल्यांच्या सह्या घेऊन तेच निवेदन महापालिकेला दिलंत तर कुंड्या लवकर उचलल्या जातील.

सुनावणीची तारीख लागली तर डिलिव्हरी चलनाची मूळ प्रत घेऊन जा, झेरॉक्स नव्हे, आणि हेल्परला सोबत न्या. बॉक्स घेऊन तो जिन्यात होता हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.