कै., वै., स्व. की स्मृतिशेष?

प्रश्न असा आहे: लग्नपत्रिकेत हयात नसलेल्या दोघांची नावं छापायची आहेत. आजोबा माळकरी, पंढरीची वारी करणारे. वडील कुठलाही विधी न मानणारे, त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान झालेलं. छापखान्याने दोघांच्याही नावाआधी ‘स्व.’ लावून मसुदा पाठवला आहे. तो तसाच ठेवावा का?

ठेवू नये. आजोबांना ‘वै.’ म्हणजे ‘वैकुंठवासी’ लावा, वडिलांना ‘स्मृतिशेष’.

‘-वासी’ने संपणारा प्रत्येक शब्द माणूस गेला कुठे याचं उत्तर देतो, आणि ते उत्तर त्याच्या श्रद्धेशी जुळायला हवं. स्वर्ग आणि वैकुंठ आपण बोलताना एकच धरतो, पण परंपरेत ती दोन वेगळी ठिकाणं आहेत. गीतेच्या नवव्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय की स्वर्गातला मुक्काम पुण्य शिल्लक असेपर्यंतच; ते सरलं की पुन्हा मृत्युलोकी जन्म. ज्ञानेश्वर तर याच ठिकाणी स्वर्ग मिळवून देणाऱ्या कर्माला ‘पुण्यात्मक पाप’ म्हणतात, कारण देवापासून दूर नेणारं ते पापच, मग त्याचं फळ गोड का असेना. वैकुंठाला गेलेला मात्र परत येत नाही. म्हणून जन्मभर विठ्ठलाचं नाम घेतलेल्या माणसाला ‘स्वर्गवासी’ म्हणणं म्हणजे त्याला अलीकडच्याच स्थानकावर उतरवणं. तुकोबांनी मुक्तीही नको म्हटलं, संतसंग मिळणार असेल तर खुशाल गर्भवासी घाल असं देवाला सांगितलं; तरीही फाल्गुन वद्य द्वितीयेला वारकरी त्यांचं वैकुंठगमनच साजरं करतात.

आजोबा कीर्तन-प्रवचन करत असतील तर ‘वै. ह.भ.प.’ असा क्रम ठेवा. ‘वै. श्री.’ किंवा ‘कै. श्री.’ असं दुहेरी लिहू नका, रूढीने ‘श्री.’ हयात माणसाचं.

‘कैलासवासी’चा शैवपणा केव्हाच पुसला गेला. मराठेशाहीच्या कागदपत्रांतही तो सर्रास सापडतो आणि आज कुठल्याही हिंदू माणसाला चालतो. बाईसाठी पूर्ण रूप ‘कैलासवासिनी’, संक्षेप तोच. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला ‘कै. सौ.’ लिहायची रीत आहे. ‘स्व.’ म्हणजे ‘स्वर्गीय’ हा हिंदीच्या वळणाने रुळलेला प्रयोग. मराठीत ‘स्वर्गीय’चा नेहमीचा अर्थ स्वर्गातल्यासारखा, म्हणून ‘स्वर्गीय सूर’. हाताशी ‘कै.’ असताना त्याची गरज नाही असं माझं मत आहे.

एक विसंगती मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. निधनाच्या दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात ‘कैलासवासी’ छापून येतं आणि त्याच चौकटीत खाली दशक्रियेची वेळ असते. विधीच्या हिशेबाने तेव्हा तो जीव ‘प्रेत’ अवस्थेत असतो. दहा दिवसांच्या दहा पिंडांनी त्याचा पुढच्या प्रवासाचा देह घडतो, बाराव्याला सपिंडीकरणात त्याचा पिंड वरच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळतात, आणि मगच तो ‘पितर’ होतो. माणूस कैलासावर पोचला असेल तर पिंड कशाला, आणि पिंड लागत असतील तर तो पोचला कसा? भक्तीने आणलेला शब्द आणि त्याहून जुना विधी अशा दोन समजुती आपण एकाच चौकटीत सांभाळतो. पत्रिकेपुरती यात अडचण नाही, कारण तोवर बारावा होऊन गेलेला असतो.

बौद्ध कुटुंबांत हे सगळे शब्द चुकीचे ठरतात, आणि तिथे चूक गंभीर आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. शिवाय बौद्ध विचारात अमर आत्माच नाही, म्हणून ‘आत्म्यास शांती लाभो’सुद्धा बसत नाही. तिथे ‘कालकथित’ लिहितात. मुळात पालीत ‘कालकत’ किंवा ‘कालंकत’, म्हणजे काळ केलेला, मरण पावलेला. मराठीत ‘कथित’ हे रूप रुळलं आणि आता तेच चालतं. निधनानंतरच्या कार्यक्रमाला ‘पुण्यानुमोदन’ म्हणतात. ‘महापरिनिर्वाण’ मात्र बुद्ध आणि बाबासाहेबांसाठीच ठेवावं. तयार नमुन्यात नाव बदलताना वर ‘कै.’ आणि खाली ‘पुण्यानुमोदन’ असं राहून जातं, तेवढं तपासा.

लिंगायतांत ‘लिंगैक्य’, ख्रिस्ती समाजात ‘ख्रिस्तवासी’. वर्तमानपत्रांतला ‘पैगंबरवासी’ हा ‘कैलासवासी’च्या साच्यात ओतलेला शब्द आहे. इस्लामी श्रद्धेनुसार माणूस अल्लाहकडे परततो, पैगंबरांकडे वस्तीला जात नाही. घरचे लोक ‘मरहूम’ म्हणतात, म्हणजे ज्याच्यावर दया झाली तो. तोच वापरावा.

आता वडील. ‘दिवंगत’ तटस्थ वाटतो, पण त्यातही ‘दिव्’ म्हणजे स्वर्ग आहे. बातमीत तो अर्थ आता कुणाला जाणवत नाही, त्यामुळे चुकीचा म्हणणार नाही. पण ज्यांनी परलोक नाकारून देह वैद्यकीय महाविद्यालयाला दिला, त्यांच्यासाठी ‘स्मृतिशेष’ अधिक प्रामाणिक: आठवणींच्या रूपाने उरलेले, याहून अधिक दावा त्यात नाही. याचा रूढ संक्षेप नाही, ‘स्मृ.’ कुणाला कळणार नाही. पूर्ण शब्द छापा. ‘स्मृति’तली ‘ति’ ऱ्हस्वच, कारण शब्द समासात आहे. मसुद्यात ती हमखास दीर्घ होऊन येते.

दोन पिढ्यांना दोन वेगळे शब्द लागले तर पत्रिका विजोड दिसेल, अशी शंका वडीलधारे काढतील. ओळी अशा घ्या: ‘वै. (आजोबांचं नाव) यांचा नातू व स्मृतिशेष (वडिलांचं नाव) यांचा मुलगा’, आणि त्याखाली ‘चि.’ लावून नवऱ्या मुलाचं नाव.